मातीतल्या गाडीवरून डांबरी रस्त्यावर येताना पहिली मोटारसायकल कोणती घ्यावी?

प्रश्न : मातीची_वाट

नमस्कार. वयाच्या पंधराव्या वर्षापासून मी फक्त मातीत गाडी चालवत आलो आहे. सुरुवातीला १२५ सीसीची टू-स्ट्रोक, मग २५० आणि गेली पाच वर्षे ४५० सीसीची मोटोक्रॉस (मातीच्या मैदानातल्या शर्यतीची) गाडी, अशी एकूण बारा वर्षे झाली. क्लच, गिअर आणि थ्रॉटल यांचा मला आता वेगळा विचार करावा लागत नाही, आणि मागचे चाक सटकले तर हात आपोआप सावरून घेतात. मात्र डांबरी रस्त्यावर, इतर वाहनांच्या गर्दीत गाडी चालवण्याचा माझा अनुभव जवळजवळ शून्य आहे. परवाना नुकताच हातात आला आहे आणि रस्त्यासाठीची पहिली गाडी घ्यायची आहे.

रोजचे जाणे-येणे मिळून पंचवीस किलोमीटर, तेही बहुतेक गर्दीच्या वेळी, आणि सुट्टीच्या दिवशी दीडशे-दोनशे किलोमीटरची फेरी, असा वापर राहील. माझी उंची १८० सेंटिमीटर आणि वजन ७४ किलो आहे. मनात तीन गाड्या आहेत. पहिली सुझुकीची डीआर-झेड ४०० एसएम, कारण ती मातीच्या गाडीचेच रस्त्यासाठी केलेले रूप आहे. दुसरी यामाहाची एमटी-०७. आणि तिसरी ६०० सीसीची चार सिलिंडरची कोणतीही सुपरस्पोर्ट, म्हणजे शर्यतीच्या धाटणीची रस्त्यावरची गाडी, जिचे आकर्षण मला शाळेपासून आहे. ‘तू ४५० सांभाळतोस, तुला लहान गाडीचा महिन्याभरात कंटाळा येईल, थेट १००० सीसी घे,’ असे मित्र म्हणतात. हा सल्ला मला पटत नाही, पण तो चुकीचा का आहे हेही मला नीट सांगता येत नाही.

माझ्या मातीतल्या सवयींपैकी कोणत्या रस्त्यावर उपयोगी पडतील आणि कोणत्या मला फसवतील, हे आधी समजून घ्यायचे आहे. गाडीची निवड त्यावरूनच ठरवावी, असे वाटते.

उत्तर १ : लांबचा_पल्ला

तुम्ही प्रश्न योग्य क्रमाने विचारला आहे. मीही दहा वर्षे एन्ड्युरो (खडतर कच्च्या वाटांवरची गाडी) चालवून रस्त्यावर आलो, त्यामुळे अनुभवाचे सांगतो.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट आहे. ताशी साधारण ५० किलोमीटरने चाललो होतो आणि समोरून येणारी मोटार, मला वाट देण्याऐवजी, माझ्या पुढ्यातून आडवी वळली. मी जे केले ते विचार करून केले नाही, ते बारा महिने तेरा काळ मातीत केलेलेच पायाने केले : मागचा ब्रेक पूर्ण दाबला. मागचे चाक जागीच अडकले, गाडीची शेपूट बाजूला सरकली, टायर किंचाळला. घसरणारी गाडी उभी ठेवणे मला येत होते, म्हणून मी पडलो नाही. परंतु गाडी थांबली तेव्हा पुढचे चाक त्या मोटारीच्या दारापासून हातभर अंतरावर होते, आणि माझी दोन बोटे पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर नुसती टेकलेली होती. तो लिव्हर मी नीट ओढला असता, तर मोटारीच्या पुष्कळ अलीकडे थांबलो असतो. गाडी रस्त्याच्या कडेला लावून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो, आणि त्या दिवशी संध्याकाळीच एका मोकळ्या पटांगणात ब्रेकचा सराव सुरू केला.

भुसभुशीत मातीत पुढचे चाक अडकले की गाडी क्षणात खाली जाते, म्हणून आपण पुढच्या ब्रेकला जपून वागतो आणि मागचे चाक घसरवून गाडी वळवतो. कोरड्या डांबरावर हिशेब उलटा होतो. ब्रेक लागताच वजन पुढे येते, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि थांबवण्याचे बहुतेक काम तोच करतो. मागचे चाक तर हलके होऊन उचललेही जाऊ शकते. लिव्हर एकदम आवळायचा नाही, आधी हलका दाब देऊन फोर्क (पुढचे चाक धरणारे, दबणारे नळे) खाली बसू द्यायचा आणि मग दाब वाढवत न्यायचा. मागचे चाक अडकून गाडी तिरकी झालेली असताना ब्रेक सोडला, तर टायर अचानक पकड घेतो आणि चालकाला वरून फेकून देतो. मातीत ही पकड हळूहळू परत येते, डांबरावर ती फटक्यासारखी येते. म्हणून पहिल्या गाडीला एबीएस (ब्रेक दाबताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेच पाहिजे, यावर मी तडजोड करणार नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. तुमची ४५० साधारण ११० किलोची असेल. एमटी-०७ पेट्रोलसह सुमारे १८४ किलो, कावासाकीची झेड ६५० तिच्याच आसपास आणि सुझुकीची एसव्ही ६५० दोनशेच्या जवळ आहे. चालताना हे वजन जाणवत नाही, पण रहदारीत पायाच्या वेगाने वळताना आणि उतारावर मागे ढकलताना ते चांगलेच जाणवते. मातीतली गाडी कलली तर आपण पाय टेकवून तिला उचलून धरतो. १८४ किलोची गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की तिला धरून ठेवता येत नाही. दिलासा एवढाच, की तुमच्या मोटोक्रॉस गाडीची सीट ९५० मिलिमीटरच्या आसपास असेल आणि एमटी-०७ ची ८०५ आहे. दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतील, आणि सिग्नलला थांबताना त्याचे मोल कळेल.

सुपरस्पोर्टबद्दल स्पष्ट सांगतो. तुम्हाला एकच सिलिंडर, खालच्या फेऱ्यांत मिळणारा जोर आणि रुंद हँडल यांची सवय आहे. ६०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात खालच्या फेऱ्यांत फारसा दम नसतो आणि खरी ताकद मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या पुढे जागी होते. रोजच्या रहदारीत ती ताकद वापरायला मिळत नाही; मनगटांवर वजन घेऊन, मान वर करून तासभर बसावे मात्र लागते. अरुंद, खाली वळलेल्या हँडलवर तुमच्या खांद्यांची आणि कोपरांची सगळी शिकवण निकामी होते. १००० सीसीच्या गाडीचा पहिला गिअरच ताशी १३० किलोमीटरच्या पुढे जातो. ताकद तुम्ही सांभाळाल यात मला शंका नाही. पण गाडी कुठल्या वेगात आहे याचा अंदाज तुम्ही आजवर अंगावर येणाऱ्या धक्क्यांवरून आणि चाकांच्या घसरण्यावरून घेत आला आहात. गुळगुळीत रस्त्यावर त्यांपैकी कोणतीच खूण मिळत नाही.

माझे मत एमटी-०७ ला. तिच्या जोड-सिलिंडर इंजिनाचा क्रँक २७० अंशांचा असल्याने जोर खालपासून सलग मिळतो, हँडल रुंद आहे आणि बसण्याची पद्धत तुमच्या ओळखीची आहे. होंडाची ४७१ सीसीची पाचशे मालिका त्याहून शांत आहे, आणि तिचाही मनापासून विचार करावा.

उत्तर २ : एकसिलिंडर

वरील उत्तरातील ब्रेकविषयीच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, पण निवडीशी नाही. ज्याने बारा वर्षे मातीत काढली त्याच्यासाठी सुपरमोटोसारखी (मातीच्या गाडीचे रस्त्यासाठी केलेले रूप) दुसरी गाडी नाही. डीआर-झेड ४०० एसएम सुमारे १४५ किलोची आहे, खड्डे आणि गतिरोधक ती अंगाला लागू देत नाही, आणि ८९० मिलिमीटर उंच सीटवरून तुम्हाला मोटारींच्या छतांपलीकडचे दिसते. गर्दीत ही उंची एबीएसइतकीच उपयोगी आहे, असे माझे मत आहे. पडली तरी मोडण्यासारखे तिच्यात थोडे असते. सगळे नवे एकाच वेळी शिकण्यापेक्षा गाडी ओळखीची ठेवून फक्त रस्ता शिकावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

तिच्या मर्यादाही सांगतो. गिअर पाचच आहेत, टाकी लहान आहे, आणि महामार्गावर तासभर एकसारखा वेग ठेवला की कंपने आणि वारा दोन्ही थकवतात. जुन्या डीआर-झेड ४०० एसएमला एबीएस नाही. तिच्या जागी आलेल्या डीआर-झेड ४ एसएमला ते आहे. शक्य असेल तर नवीच पाहावी.

उत्तर ३ : पटांगण_शिक्षक

मी नवीन चालकांना प्रशिक्षण देतो आणि मातीतून आलेले अनेक जण माझ्याकडे येतात. ते इतरांपेक्षा लवकर शिकतात, हे खरे आहे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या, हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासात लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची घटनास्थळी जाऊन तपासणी झाली होती. मातीत गाडी चालवण्याचा अनुभव असलेले चालक त्या अपघातांमध्ये लक्षणीय प्रमाणात कमी आढळले, असा त्यातील एक निष्कर्ष आहे. म्हणजे तुमची बारा वर्षे वाया गेलेली नाहीत. परंतु त्याच अभ्यासातील आणखी दोन निष्कर्ष शेजारी ठेवून वाचावेत. मोटारसायकल आणि दुसरे वाहन यांच्यात झालेल्या अपघातांपैकी दोन तृतीयांश अपघातांत दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटारसायकलचा वाटेचा हक्क डावलला होता. आणि अपघातात सापडलेल्या निम्म्याहून अधिक चालकांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिनेदेखील झालेले नव्हते. गाडी चालवण्याचे कौशल्य आणि ‘ही’ गाडी ओळखीची असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मातीतून आलेल्या चालकांमध्ये मला सर्वांत आधी दिसते ती नजर. त्यांची नजर चाकापुढच्या काही मीटरांत असते, कारण चर, दगड आणि मुळे तिथेच असतात. ताशी ६० किलोमीटरने आपण सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जातो. बारा सेकंदांनंतर आपण जिथे असू तिथवर पाहावे, असे आम्ही शिकवतो. म्हणजे या वेगाला दोनशे मीटर. तिथे एखादे वाहन वळण्याच्या बेतात आहे का, त्याची पुढची चाके कोणीकडे वळली आहेत, फाट्यावर थांबलेल्या चालकाचा चेहरा आपल्याकडे आहे का, हे वाचायचे. मातीत तुमच्या वाटेत येणारी वस्तू जागची हलत नाही, रस्त्यावर ती हलते आणि तिला तुम्ही दिसलेले नसता. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते, आणि ते अंतर सावधपणे आधीच मोकळे ठेवावे लागते.

दुसरी सवय वळणावरची. मातीत आपण गाडी खाली ढकलतो, अंग वर व बाहेरच्या बाजूला ठेवतो आणि आतला पाय पुढे काढतो. डांबरावर अंग गाडीच्या रेषेत किंवा किंचित आतल्या बाजूला हवे, म्हणजे तेवढ्याच वेगाला गाडी कमी कलते आणि टायरकडे पकड शिल्लक राहते. पाय पेगवरच (पाय ठेवायच्या दांड्यावरच) राहू द्या. चिकट डांबरावर बूट अडकला तर गुडघा पिळवटतो. वळायचे ते आतल्या बाजूचे हँडल पुढे ढकलून. हे तुम्ही मातीतही नकळत करत असाल, पण इथे ते जाणून करावे लागते.

याच कारणाने ‘एकसिलिंडर’ यांच्या मताला माझा थोडा विरोध आहे. सुपरमोटो ही उत्तम गाडी आहे, मात्र ती मातीच्या गाडीसारखी दिसते, वाटते आणि ऐकूही येते, त्यामुळे शरीर जुन्याच सवयींनी वागू लागते. माझ्याकडचे दोन विद्यार्थी तिच्यावर पाय बाहेर काढणे महिनोन्महिने सोडू शकले नाहीत. वेगळी बैठक आणि खाली आलेली सीट यांमुळे ‘हे काही तरी निराळे आहे’ याची शरीराला आठवण राहते. अर्थात ज्याला ही सवय लवकर मोडता येते त्याला त्यांचा सल्ला लागू पडेल, आणि उंच सीटचा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे.

उत्तर ४ : पाना_आणि_ग्रीस

गाडी कोणती, यात मी पडत नाही. वापरलेली घेणार असाल तर काय पाहावे, आणि अंगावर काय घालावे, एवढेच लिहितो.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असूनही टायर जुना आणि कडक झालेला असू शकतो. तसा असेल तर नव्या जोडीचा खर्च किमतीतून वजा करायला सांगावे. पुढचे चाक उचलून हँडल हळूच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे, मध्यभागी खाच लागल्यासारखे अडले तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेले आहे. फोर्कच्या नळीवर तेलाची कडी दिसते का, ब्रेक लिव्हरचे आणि पेगचे टोक घासलेले आहे का, हे पाहावे. मातीच्या गाडीला पडल्याच्या खुणा असणारच, पण रस्त्याच्या गाडीवर तशी खूण दिसली तर त्यामागची हकिकत विचारलीच पाहिजे.

देखभालीचे गणित तुम्हाला सुखद वाटेल. मोटोक्रॉसचे इंजिन आपण तासांवर मोजतो, इथे ते किलोमीटरवर मोजतात. एमटी-०७ च्या व्हॉल्व्हची तपासणी सुमारे ४०,००० किलोमीटरनंतर येते. हवेचा दाब मात्र जुन्या सवयीने ठेवू नये. मातीत आपण १२ ते १५ पीएसआय ठेवतो. रस्त्याच्या टायरला साधारण ३३ ते ३६ लागतो, आणि गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेला आकडा अंतिम मानावा. टायर नवे असतील तर पहिले शंभरेक किलोमीटर जपून, कल हळूहळू वाढवत चालवावे.

कपड्यांबाबत माझे कळकळीचे सांगणे आहे. मोटोक्रॉसची जर्सी आणि छातीचे कवच आदळण्यापासून वाचवतात, घासण्यापासून नाही. रस्त्यावर पडलेल्या एका चालकाची पॉलिएस्टरची बाही मी पाहिली आहे. ती फाटली नव्हती, वितळून कोपराच्या जखमेत बसली होती, आणि नर्सने ती चिमट्याने तुकड्या-तुकड्यांनी काढली. चामड्याचे किंवा एन १७०९२ या मोटारसायकलच्या संरक्षक कपड्यांच्या युरोपीय मानकाचे एए अथवा एएए दर्जाचे जाकीट आणि पँट घ्यावी. हेल्मेटही वेगळे हवे : पुढे आलेली टोपी असलेले मातीचे हेल्मेट महामार्गाच्या वेगाला वाऱ्यात मान मागे खेचते, आणि बाजूला वळून पाहताना तर जास्तच. ईसीई २२.०६ या हेल्मेटच्या मानकाची खूण पाहून पूर्ण चेहऱ्याचे घ्यावे. मोटोक्रॉसचे बूट संरक्षणाला चांगले असले, तरी त्यांच्या जाड तळव्यातून रस्त्याच्या गाडीचा नाजूक गिअर लिव्हर कळत नाही.

मातीची_वाट (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून मी शनिवारी दोन गाड्यांवर बसून आलो आणि एमटी-०७ चालवूनही पाहिली.

चालवताना ‘पटांगण_शिक्षक’ यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. पहिल्याच वळणावर माझा आतला पाय पेगवरून उचलला गेला होता, आणि तो उचलला गेल्याचे मला वळण संपल्यावर कळले. दुसरी गोष्ट वेगाची : मला वाटले चाळीसने चाललो आहे, आणि काट्यावर अडुसष्ट होते. तेवढ्यावरून १००० सीसीचा विषय माझ्यापुरता मिटला. सुपरस्पोर्टवर नुसते बसलो. पाचच मिनिटांत मनगटे बोलू लागली, शिवाय मान वळवून मागे पाहताना खांदा आड येत होता. तिचे आकर्षण गेलेले नाही, पण पहिली गाडी म्हणून ती नको, हे ठरले.

एमटी-०७ घ्यायचे जवळजवळ नक्की केले आहे. एकच शंका उरते. तिचे सस्पेन्शन मला ब्रेकच्या वेळी पुढे फार बुडणारे वाटले. माझ्या ४५० चे सस्पेन्शन ३०० मिलिमीटर वर-खाली होत असूनही ती इतकी डोलत नाही. हे सुरुवातीलाच कडक करून घ्यावे का?

लांबचा_पल्ला

लगेच काही बदलू नका. तुमची ४५० उड्या झेलण्यासाठी कडक केलेली असते. या गाडीचे सस्पेन्शन रोजच्या रस्त्यासाठी मऊ ठेवलेले आहे आणि बुडण्याचा बराचसा भाग तुमच्या बोटांत आहे. लिव्हर झटक्याने आवळला की फोर्क आदळतो, दाब चढवत नेला की तो बसतो. आधी पटांगणात ताशी ३० वरून, मग ४५ वरून आणि मग ६० वरून थांबण्याचा सराव करा, दर वेळी उजवा पाय मागच्या ब्रेकवर फक्त ठेवायचा, दाबायचा नाही. पुढच्या चाकाला किती ओझे पेलते हे हाताला कळले, की मग मागचा ब्रेक हलका मिसळायला लागा. दोन हजार किलोमीटरनंतरही बुडणे खटकले तर तुमच्या वजनाला साजेशा स्प्रिंगा बसवून घ्या. ब्रेक आणि क्लचचे लिव्हर मात्र गाडी घेतल्या दिवशीच फिरवून घ्या : मातीत उभे राहून चालवण्यासाठी आपण ते खाली झुकवलेले ठेवतो, इथे बसल्या जागेवरून मनगट सरळ राहील एवढे वर हवेत.

पटांगण_शिक्षक

त्या सरावाला एक जोड द्यावी. थांबताना नजर चाकापुढच्या रेषेवर न ठेवता पटांगणाच्या पलीकडच्या टोकाला एखादा खांब किंवा झाड निवडून त्यावर ठेवा. पहिल्या दिवशी हे जमणार नाही, नजर पुन्हा पुन्हा खाली येईल. ती खाली आली की त्या वेळचे थांबणे मोजू नका, परत करा. आणि इंडिकेटर वळणानंतर आपला आपण बंद होईलच असे समजू नका. मातीच्या गाडीला तो नसतोच, त्यामुळे मातीतून आलेले सगळे जण पहिल्या महिन्यात तो चालू ठेवून पुढे जातात, आणि फाट्यावर थांबलेला चालक तुम्ही वळणार असे समजून पुढे येतो. सरळ होताच अंगठ्याने बटण दाबायचे, चालू असो वा नसो.